हात फिरवल्याशिवाय घोडी कळत नाही

सातारा-सांगलीच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत माझी नोकरी गेली. दारात गाई-म्हशींची रांग असायची, घोडा क्वचित. घोड्याबद्दल फोन मात्र यायचे, बहुतेक पर्यटकांचे. "हाडं दिसताहेत, मालकाला आत टाका!"

पाचगणीत ऐन पावसाळ्यात असाच एक फोन आला. धंदा बंद होता आणि शेडमध्ये घोडी मान खाली घालून उभी होती. मालक म्हणाला, "साहेब, चंदी देतोय की. खाती बी, पण अंगाला लागंना."

मी आधी हात फिरवला. ओल्या, वाढलेल्या केसांखाली डोळा फसतो, हात फसत नाही. मान, खांद्यामागची जागा, फासळ्या, कणा, शेपटीचं मूळ चाचपून १ ते ९ गुण द्यायची पद्धत अमेरिकेतल्या डॉन हेनेकी यांनी १९८३ साली मांडली. हिला मी २ दिले, म्हणजे अगदीच रोड. मग गव्हाणीत पाहिलं, तर अर्धवट चघळलेल्या गवताचे ओले बोळे पडलेले. दाढांच्या कडा सुरीसारख्या वाढून गाल आतून फाटला होता. म्हणजे मालक खरं बोलत होता. पण खोगिराखाली तळहाताएवढी चिघळलेली जखम होती, आणि तशा पाठीवर त्याने हंगाम संपेपर्यंत माणसं बसवली होती. तो गुन्हाच.

दोन्ही गोष्टी तिथंच, त्याच्यासमोर लिहिल्या. तारीख, फोटो, शेडमध्ये चारा-पाणी किती, खुरांची अवस्था, मालकाचे शब्द जसेच्या तसे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात जखमी जनावराला कामाला जुंपणं आणि मालकाने पुरेसं खायला-प्यायला न देणं, दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये! एवढ्याने कोण घाबरणार? तरीही नोंद हवीच, कारण पुढचं पाऊल पोलिसांनी उचलायचं तर हातात डॉक्टरचा कागद लागतो. पण सांगलीतल्या जतकडे दुष्काळात मालकाच्याच घरी चूल थंड असते. तिथं मी आधी चाऱ्याची सोय पाहायचो, दंडाचं मग.

घोड्याच्या नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी दिसल्या, तर हातमोज्यांशिवाय शिवू नये. तो ग्लँडर्स असू शकतो, आणि हा रोग माणसालाही होतो आणि जीव घेतो. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात आढळला होता. अशा घोड्याला दयेपोटी दुसऱ्या तबेल्यात हलवायचं नाही. जागेवरच वेगळा बांधून रक्ताचा नमुना पाठवायचा.

सगळ्यात जास्त भीती मला प्रेमळ माणसांची वाटते. उपाशी घोडा दिसला की ती हरभऱ्याचं पोतं आणतात. महिनोन् महिने उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम दाणा घातला, की रक्तातले क्षार ढासळतात आणि वाचवलेला घोडा आठवडाभरात मरतो. त्याला लसूणघास द्यावा, थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि दाणा नंतर.

त्या घोडीच्या दाढा कानशीने घासल्या, जखम धुतली, पाठ भरेपर्यंत खोगीर बंद केलं. पंधरा दिवसांनी येतो म्हणालो आणि तसा गेलोही. गव्हाणीत बोळे नव्हते. दिवाळीच्या सुमारास पुन्हा गेलो, तेव्हा फासळी शोधायला बोट दाबावं लागलं.