प्रतिकारक्षम डासांवर दुहेरी उपाय

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा अंदाज होता. डी.डी.टी.च्या फवारणीमुळे १९६५ पर्यंत हा आकडा सुमारे एक लाखावर आला. परंतु १९७६ मध्ये तो पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. डी.डी.टी.ला न जुमानणारे डास हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

डासांच्या अंगी ही शक्ती येते कशी? फवारणीने बहुसंख्य डास मरतात. मात्र जन्मतःच विष सोसू शकणारे थोडे डास वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढत जाते. मच्छरदाण्यांना लावल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकांबाबतही आफ्रिकेत हाच अनुभव आला.

यावर उपाय शोधण्यासाठी बुर्किना फासो या देशात बोबो-दियुलासो शहराजवळील भातशेतीच्या भागात एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. डासांना दूर ठेवणारे द्रव्य आणि ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकाची अल्प मात्रा यांचे मिश्रण मच्छरदाण्यांना लावण्यात आले. पहिले दोन आठवडे हे मिश्रण डेल्टामेथ्रिन या प्रचलित पायरेथ्रॉइडइतकेच प्रभावी ठरले. प्रतिकारक्षम डास तर त्याने अधिक मारले. ही द्रव्ये एकत्र आल्याने परस्परांचा प्रभाव वाढतो, म्हणून विषाची थोडी मात्राही पुरते. मात्र हा प्रभाव अधिक काळ टिकावा आणि मिश्रणाची सुरक्षितता तपासली जावी, असे संशोधकांनीच नमूद केले.

एकाच औषधावर विसंबू नये, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. पायरेथ्रॉइडबरोबर क्लोरफेनापिर लावलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली.

अशी मिश्रणे घरी करणे मात्र धोक्याचे आहे. ग्रामस्थांनी दररोज मच्छरदाणीत झोपावे, फवारणी पथकास आतील खोल्याही उघडून द्याव्यात व फवारलेल्या भिंती लगेच सारवू नयेत. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी ठेवावीत. शिक्षकांनी हे मुलांना समजावून दिल्यास ही गोष्ट घरोघरी पोहोचेल. कोणत्याही औषधाला डास सरावू शकतो. साचलेले पाणीच नसेल, तर त्याची पैदासच होणार नाही.