वाखरी ते आळंदी : आषाढी वारीची सांगता

आषाढी वारीची सांगता हा एका दिवसाचा विधी नाही. आषाढ शुद्ध दशमीला दिंड्या वाखरीहून पंढरपुरात शिरतात तेव्हा तिची सुरुवात होते, आणि आषाढ वद्य एकादशीच्या सुमारास पादुका आळंदी-देहूच्या देवळांत परत विराजमान होतात तेव्हा ती पुरी होते. मध्ये एकादशी, द्वादशीचे पारणे, पौर्णिमेचा गोपाळकाला आणि मग दहा दिवसांची परतीची चाल येते. वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शनवर यातला फक्त एकादशीचा दिवस दिसतो. वारकरी मात्र घरी सुखरूप पोचल्यावरच वारी पोचती झाली असे म्हणतो.

वाखरी पंढरपूरपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेने येते. देहूहून तुकाराम महाराजांची पालखी बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे येते. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, सासवडहून सोपानकाका, पैठणहून एकनाथ महाराज आणि पाचशेहून अधिक किलोमीटर चालत मुक्ताईनगरहून मुक्ताबाई. वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या दिशांनी निघालेले हे सोहळे वाखरीच्या तळावर एकत्र येतात. आळंदीच्या वारकऱ्यांनी तोवर सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापलेले असते. पायांना फोड आलेले असतात, गळे बसलेले असतात, पण शेवटच्या टप्प्यात दिंडीची चाल संथ होण्याऐवजी वाढते.

दशमीला पंढरपुरातून एक पालखी उलट दिशेने निघते, ती नामदेव महाराजांची. बाहेरून आलेल्या संतांना सामोरे जाऊन नगरात घेऊन येणे हा तिचा मान आहे. नामदेव पंढरीचे रहिवासी, म्हणून यजमानपण त्यांच्याकडे. त्यानंतर पालख्या ठरलेल्या क्रमाने पंढरपूरकडे निघतात. तुकोबांची पालखी शेवटून दुसरी आणि ज्ञानेश्वरांची सर्वांत शेवटी असते. वाटेत इसबावीच्या विसाव्यावर आरती होते. ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका तिथून पुढे अंकलीच्या शितोळे सरदारांच्या गळ्यात घालून नगरात नेण्याची प्रथा आहे. माउलींच्या सोहळ्यातले घोडेही याच घराण्याचे. शेवटची दिंडी मुक्कामी पोचेपर्यंत बहुधा रात्र झालेली असते.

नामदेवांनी ज्ञानदेवांना सामोरे जाण्यामागे वारकरी परंपरेतली एक मोठी मैत्री आहे. दोघांनी मिळून तीर्थयात्रा केली, अशी परंपरेची श्रद्धा आहे, आणि नामदेवांच्या नावावरचे तीर्थावळीचे अभंग त्या यात्रेचेच आहेत. यात्रेची कल्पना ज्ञानदेवांची होती. पंढरी सोडायला नामदेव तयार नव्हते, शेवटी विठ्ठलाने त्यांना ज्ञानदेवांच्या हाती सोपवले, असे ही कथा सांगते. वाटेत एका खोल विहिरीचे पाणी नामदेवांच्या धाव्याने वर उसळून आले. राजस्थानातल्या कोलायतजीच्या परिसराशी ही आठवण जोडली जाते. एक ज्ञानी आणि योगी, दुसरा भक्तीने व्याकूळ होणारा. या दोन वृत्तींचा संवाद हा तीर्थावळीचा गाभा आहे.

त्या यात्रेचा शेवटही महत्त्वाचा आहे. दोघे पंढरीला परतल्यावर नामदेवांनी मावंदे घातले. त्या जेवणाच्या तयारीत स्वतः देव आणि रुक्मिणी राबले, असे वर्णन परंपरेत येते, आणि महिपतींनी ‘भक्तविजया’त हा प्रसंग विस्ताराने सांगितला आहे. तीर्थ कितीही दूरचे असो, परत येऊन आपल्या माणसांच्या पंगतीत बसल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. काशीयात्रेनंतरचे मावंदे अनेक घरांत आजही होते. आषाढी वारीची सांगताही याच समजुतीवर उभी आहे.

वारीत सहसा कोणी एकटा चालत नाही. माणूस दिंडीत चालतो, आणि दिंडी म्हणजे विणेकऱ्याभोवती बांधलेला एक फिरता संसार असतो. पुढे पताकावाले, मग टाळकरी आणि पखवाजी, मध्ये वीणा, आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते, राहुट्या तिथे आधीच उभ्या असतात, आणि जेवणखर्चासाठी प्रत्येकाने दिंडीकडे भिशी भरलेली असते. आज दिसणाऱ्या या शिस्तीचे श्रेय साताऱ्याजवळच्या आरफळच्या हैबतबाबांना दिले जाते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेल्या या गृहस्थाने १८३०च्या सुमारास माउलींच्या सोहळ्याची घडी बसवली. त्याआधी, १६८५मध्ये, तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी देहूहून पालखी काढण्याची रीत सुरू केली होती.

एका राहुटीत शेजारी झोपणाऱ्या, एका पंगतीत बसणाऱ्या दोघांची गावे कधी कधी शंभर कोस दूर असतात. वारीखेरीज एरवी त्यांची गाठ पडत नाही, पण ज्येष्ठ वद्यात ती ठरलेली असते. सोबती पहाटे उठवतो, फोडांना तेल लावतो, चढावर पिशवी घेतो, गर्दीत चुकला तर पुढच्या विसाव्यावर वाट पाहतो. अशा जोड्या वर्षानुवर्षे टिकतात. म्हातारपणामुळे एकाला चालवेनासे झाले की त्याचा मुलगा किंवा सून त्याच दिंडीत, त्याच जागी चालू लागते आणि घराण्याची वारी चालू राहते. वारी टिकवून धरणारी खरी शक्ती ही आहे. आयोजनाचा थाट किंवा सरकारी सोयी तिच्या मागून येतात.

एकादशीला पहाटे चंद्रभागेत स्नान करून पुंडलिकाचे दर्शन घ्यायचे आणि टाळमृदंगाच्या गजरात नगरप्रदक्षिणा घालायची, हा वारकऱ्याचा नेम. मध्यरात्रीनंतर मंदिरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा होते. दर्शनरांगेतल्या एका दांपत्याला त्या पूजेत मानाचे वारकरी म्हणून बसता येते आणि त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत प्रवास मिळतो. पदस्पर्शाच्या दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत आणि त्याही पलीकडे जाते, आणि तिच्यात दिवस-रात्र उभे राहावे लागते. म्हणून दिंडीतले बहुसंख्य लोक नामदेव पायरीला माथा टेकतात, शिखराकडे पाहून हात जोडतात आणि समाधानाने मागे फिरतात. इतके दिवस चालून गाभाऱ्यात न जाताच परतणे बाहेरच्या माणसाला अपुरे वाटते. वारकरी कळसाचे दर्शन पूर्ण दर्शन मानतो, आणि त्याच्या या मानण्यात जराही तडजोड नसते.

एक मोठा वर्ग मात्र शतकानुशतके नाइलाजाने बाहेर राहिला. महाद्वारासमोर नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर संत चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून १३३८मध्ये चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे समाधी बांधली, अशी परंपरा आहे. मैत्रीचा हाही एक दाखला. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांची वारी याच समाधीपाशी संपत असे, पुढे पाऊल टाकायला मनाई होती. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना खुले झाले. ज्या संप्रदायात उच्च-नीच न पाहता माणसे एकमेकांच्या पाया पडतात, त्याच्या मुख्य मंदिराला इतका उशीर लागला, ही खंत वारीविषयी लिहिताना नोंदवलीच पाहिजे.

द्वादशीला उपवास सुटतो आणि त्याच दिवसापासून पंढरपूर रिकामे होऊ लागते. एसटी स्थानकावर रांगा लागतात, आणि बाजारातून चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीच्या माळा, टाळ आणि घोंगडी घेऊन लोक गावाकडे निघतात. यात उणे काही नाही. आषाढ हा पेरणीनंतरच्या कामांचा काळ. कोळपणी-खुरपणी तोंडावर आलेली असते आणि ज्याचे पोट शेतावर आहे त्याला थांबता येत नाही.

पालख्या मात्र पौर्णिमेपर्यंत पंढरपुरात राहतात. चंद्रभागेच्या वाळवंटात, मठांमध्ये आणि पलीकडच्या ६५ एकरांच्या तळावर कीर्तने चालू असतात. पौर्णिमेला सर्व पालख्या गोपाळपूरला जातात. टेकडीवरच्या गोपाळकृष्णाच्या मंदिरात आणि भोवतालच्या आवारात काल्याची कीर्तने होतात. लाह्या, दही आणि वारकऱ्यांनी बरोबर आणलेले जिन्नस एकत्र कालवले जातात. मग प्रत्येक जण काल्याचा घास शेजारच्याच्या तोंडात घालतो. गोकुळातल्या गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून खाल्ल्या, त्या कथेचा हा विधी. जातीपातीचे सोवळे कडक होते त्या काळातही तो होत होता. साऱ्या सोहळ्यात याच्याइतका अर्थपूर्ण क्षण दुसरा नाही. वारी सोबत्याच्या हातच्या घासावर येऊन थांबते.

काल्यानंतर संतांच्या पादुका विठ्ठल-रुक्मिणीच्या भेटीला मंदिरात नेल्या जातात. ही निरोपाची भेट. दुसऱ्या दिवशी महाद्वार काला होतो आणि पंढरपूरची यात्रा आटोपते.

देवाचीही सांगता असते. यात्रेच्या काळात दर्शन चोवीस तास सुरू असते, म्हणून विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. देवाला झोप नाही, म्हणून पाठीशी टेकायला लोड दिला जातो आणि एरवीचे बरेच राजोपचार बंद असतात. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. मंदिर धुतले जाते, अहोरात्र उभे राहिल्याचा शीण जावा म्हणून लिंबू-साखरेने देवाचे पाय चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि पलंग पुन्हा मांडतात. भक्त चालून थकला आणि देव उभा राहून थकला, ही या पूजेमागची भावना आहे.

परतवारी पौर्णिमेलाच सुरू होते. जाताना माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघून आषाढ शुद्ध दशमीपर्यंत थांबत-थांबत चालते. परतताना तेच अंतर सुमारे दहा दिवसांत तोडायचे असते. वाखरी, वेळापूर, नातेपुते, फलटण, पाडेगाव, वाल्हे, सासवड, हडपसर, पुणे असे मोजकेच मुक्काम होतात, त्यामुळे काही मजला तीस किलोमीटरच्या वर जातात. रिंगणे नाहीत, स्वागताच्या कमानी नाहीत, बंदोबस्तही तुरळक. लाखोंऐवजी थोडकी माणसे उरतात. जाताना ज्या गावांत उभे राहायला जागा नव्हती, तिथे आता गावकरी वारकऱ्याला हाताला धरून घरी जेवायला नेतात. पावसाने रान हिरवे झालेले असते आणि चाल भरभर पडते. गर्दी ओसरल्यामुळे सोबत्याशी बोलायला सवड मिळते. ज्यांना सवड आहे त्यांनी आयुष्यात एकदा तरी परतीची वाट चालावी. वारीचा गाजावाजा नसलेला, मूळचा साधा चेहरा आता तिथेच पाहायला मिळतो.

विदर्भात परतीला वेगळी शोभा येते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सातशेहून अधिक किलोमीटर चालत पंढरपूरला जाते आणि पायीच परतते. श्रावणात ती खामगावला येते, आणि खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात पंचक्रोशीतले लोक हजारोंच्या संख्येने तिच्याबरोबर चालतात. पंढरपूरला जाऊ न शकलेल्यांनाही अशा रीतीने वारीच्या शेवटात वाटा मिळतो.

माउलींची पालखी वद्य दशमीला आळंदीत येते आणि दुसऱ्या दिवशी एकादशीच्या नगरप्रदक्षिणेने सोहळा पुरा होतो. देहूलाही तुकोबांची पालखी याच सुमारास पोचते. वारकरी आपापल्या गावी परततो तेव्हा दारात त्याच्या पायांवर पाणी घालतात, थोरामोठ्यांसह सगळे त्याच्या पाया पडतात, आणि पंढरीचा प्रसाद घरोघरी वाटला जातो. ज्यांना जमते ते मावंदे घालतात.

दिंडीतल्या सोबत्यांची पुढची गाठ कार्तिकात पडते. कार्तिकी एकादशीला वारकरी पुन्हा पंढरपुरात असतात, आणि तिथून आळंदीला जातात. ज्ञानदेवांनी १२९६मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली, त्या सोहळ्यासाठी पंढरपूरहून नामदेवांची पालखीही आळंदीला येते. त्रयोदशीला समाधीच्या घटकेला नामदेवांच्या वंशातले नामदास महाराज तिथे कीर्तन करतात. आषाढात वाखरीला ज्ञानदेवांना सामोरे जाणारे नामदेव कार्तिकात त्यांच्या दारी येतात, आणि ही परतभेट दरवर्षी न चुकता होते.