गिटारला हुडहुडी भरते का?

दिवाळी उलटली की पुण्यात संध्याकाळी हे दृश्य हटकून दिसतं. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात मफलर, पाठीवर गिटार, नाहीतर स्कूटरवर पायाशी तबल्याची पिशवी. चालवणारा स्वेटरवर जॅकेट चढवून बसलेला आणि वाद्य बिचारं एका पातळ गवसणीत. कोणाला जास्त थंडी वाजते?

वाद्याला बोचरा वारा कळत नाही

चालवणाऱ्यालाच, आणि तीही बरीच जास्त. हवा १० अंशांवर असताना ६० च्या वेगाने गाडी हाकली, तर उघड्या चेहऱ्याला ४-५ अंशांच्या थंडीइतकं झोंबतं. आपलं शरीर सतत उष्णता तयार करतं आणि वारा ती सतत पळवतो, म्हणून. गिटारमध्ये अशी भट्टीच नाही. त्यामुळे गाडी ६० ने न्या नाहीतर १०० ने, गिटार १० अंशांच्या खाली जाणार नाही. फक्त तिथवर लवकर पोहोचेल.

याच कारणामुळे वाद्याला गोधडीत गुंडाळून ते गरम राहत नाही. गोधडी ऊब बनवत नाही, असलेली जरा जास्त वेळ धरून ठेवते. कोथरूड ते हडपसर एवढ्या अंतराला तेवढं पुष्कळ झालं. जाड फोमची पिशवी किंवा कडक पेटी असेल तर आतल्या लाकडाला बाहेरच्या गारठ्याची नीट खबर लागायच्या आत तुम्ही हॉलवर असता. पुण्याहून पहाटे निघून नाशिक गाठायचं असेल तर मात्र गोधडी हरते. निफाडकडे तर थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांखालीही उतरतो.

एकाच मैफलीत तिघांचे तीन सूर

पोलादी तार गार झाली की आकसते, ताणली जाते आणि सूर चढतो. तार बारीक, ती क्षणात गार होते. लाकूड आपल्या चालीने जातं. म्हणून पिशवीतून काढल्या काढल्या लावलेली गिटार दहा मिनिटांत पुन्हा बेसूर. दोष कानाचा नसतो.

बासरीचं उलटं. तिचा सूर आतल्या हवेवर अवलंबून असतो आणि गार हवेत आवाज सावकाश जातो: शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर, २० अंशांना ३४३. हिशेब असा की एका अंशाला बासरी जवळपास ३ सेंट उतरते. षड्ज ते कोमल ऋषभ हे अंतर १०० सेंटचं. म्हणजे १० अंशांच्या फरकात सूर ३० सेंट खाली. आपल्याकडे २२ श्रुतींमधली सगळ्यांत लहान श्रुती सुमारे २२ सेंटची मानतात. एक अख्खी श्रुती थंडीने गिळली! बासरीवाले सुरुवातीआधी बासरीत नुसतीच फुंकर घालत बसतात, ते तिला ऊब द्यायला.

आणि हार्मोनियम? तिच्यातल्या पितळी पट्ट्या गारठल्या की किंचित ताठर होतात, सूर कणभर वर सरकतो. बासरी खाली, पेटी वर. पेटी काही रंगमंचावर लावता येत नाही, त्यामुळे सगळ्यांना मुकाट तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. पेटी हे साथीचं वाद्य आहे असं म्हणणाऱ्यांनी थंडीतली मैफल जरूर ऐकावी.

खरा गुन्हेगार: कोरडेपणा

लाकडाला थंडीपेक्षा कोरडी हवा जास्त छळते. ओलावा गेला की लाकूड आकसतं, तेही लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत भरपूर. म्हणून गिटारची वरची फळी तडकते ती लाकडाच्या रेषांच्या दिशेने. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आता बाहेरची १० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा खोलीत आणून हीटरने २५ अंशांपर्यंत तापवा. त्याच हवेची आर्द्रता घसरून साधारण २३ टक्क्यांवर येते. म्हणजे रस्त्यावरच्या तासाभराच्या गारठ्यापेक्षा हॉलमधला हीटर वाईट. त्याच्याशेजारी वाद्य ठेवून शेक घेणाऱ्यांना काय म्हणावं?

दुसरा धोका गर्दीच्या हॉलचा. आत २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १७ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमतं. फ्रिजमधून काढलेल्या ताकाच्या ग्लासासारखा तुमच्या तारांना, पेटीच्या पट्ट्यांना आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पोटातल्या सर्किटलाही घाम फुटतो. शिवाय काही जुन्या गिटारवरचं नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश गारठ्यातून अचानक उबेत आलं की त्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटतं.

यावरचा इलाज फुकट आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही: पोहोचल्यावर पिशवीची चेन उघडायची नाही. अर्धा तास, खूप गारठा असेल तर तासभर, वाद्य बंदच राहू द्या. त्याला आपल्या चालीने खोलीत मुरू द्या. इलेक्ट्रॉनिक वाद्याचं बटणही तोवर दाबू नका.

चामड्याचे नखरे

तबल्याच्या पुडीला दमट हवेत मरगळ येते आणि कोरड्या हवेत ती ताठते. थंडीत तबला चढलेला सापडला तर गठ्ठे आणि हातोडी आहेतच. पण पुडीवरची काळी शाई कोरडी पडून तिचे कण सुटू लागले की हातोडी काही कामाची नाही. हलगीवाल्याला ही चिंता नसते. त्याच्या चामड्यावर शाईच नाही, म्हणून तो खुशाल कागद-पाचट पेटवून हलगी शेकतो; ओल उडते, पान ताणतं आणि आवाज कडाडतो. तबल्याबाबत हा प्रयोग करू नये. ढोलपथकांनी फायबरची पानं घेऊन हा प्रश्नच निकालात काढला. त्या आवाजात चामड्याचा गोडवा नाही, हे माझं मत. पथकात कोणाला सांगायची हिंमत नाही.

जगभरचे गारठलेले सूर

२० जानेवारी २००९, वॉशिंग्टन, ओबामांचा शपथविधी. चेलोवर यो-यो मा, व्हायोलिनवर इत्झाक पर्लमन, जोडीला पियानो आणि क्लॅरिनेट. पारा शून्याखाली. अशा थंडीत वाद्यं सुरात राहणं अशक्य, म्हणून दोन दिवस आधी केलेलं ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवलं गेलं आणि कलाकार त्याबरोबर वाजवत राहिले. नंतर थोडी टीका झाली. मला तरी तो शहाणपणा वाटतो.

त्याहून मोठी कथा अंटार्क्टिकातल्या बँजोची. ध्रुवीय मोहिमांचा नेता शॅकल्टन, त्याचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज १९१५ मध्ये बर्फात चिरडलं. खासगी सामान माणशी किलोभरही घ्यायचं नाही, असा त्याचाच हुकूम. पण सहकारी लिओनार्ड हसीचा बँजो मात्र त्याने हट्टाने बरोबर घेतला. मन ताळ्यावर ठेवायचं ते औषध आहे, असं त्याचं म्हणणं. पुढे एलिफंट बेटावर अडकलेल्या २२ जणांना त्याच बँजोने साथ दिली. आज तो ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. चामडी पानाचं वाद्य तिथून परत आलं, तर तुमची गिटार कात्रजचा घाट नक्की पार करेल.

नॉर्वेत भलताच प्रकार. तिथे २००६ पासून बर्फाच्या संगीताचा महोत्सव भरतो आणि वाद्यंच बर्फातून कोरलेली असतात. वाजवणाऱ्याचा उबदार श्वास हाच तिथे वाद्याचा शत्रू.

बांधायचं कसं?

तारा अर्धा-एक स्वर उतरवा, पार सैल सोडू नका. वाद्य सायलेन्सरच्या बाजूला लटकवू नका. जुन्या व्हायोलिनचे जोड सरसाचे असतात आणि सरस उष्णतेने मऊ पडतो. ऊब मिळावी म्हणून पिशवीत गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवण्याची कल्पनाही त्याच कारणासाठी बाद. गिटार पाठीवरच बरी, कारण गाडीचे हादरे तुमची पाठ झेलते. मात्र तिची मान हेल्मेटच्या वर येते, तेव्हा पार्किंगच्या तळघरात शिरताना वाका.

सतार-तंबोऱ्याची गोष्ट वेगळी. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळे मंगळवेढ्याकडून येतात, वाळवून पोकळ केलेले. भोपळ्याला थंडीचं फारसं वाटत नाही. खड्ड्यातला एक हिसका मात्र पुरतो. पाचेक फुटांचा तंबोरा मागे बसणाऱ्याने कवेत उभा धरून नेलेला पुण्यात पाहायला मिळतो, आणि पाहणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. त्यासाठी सरळ रिक्षा करा.