‘प्रिंट कुठे गेलं?’

रेवससारख्या गावात संगणकावरचं काम बहुतेक वेळा कुणीतरी दुसऱ्यासाठी करत असतं. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोटिसा निघतात, सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये चढतो, झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप होतात. समोर उभ्या असलेल्याला भाऊच्या धक्क्याची लाँच गाठायची असते, नाहीतर अलिबागची एसटी. अशा वेळी वर्डचा चेहरा बदललेला असला आणि ‘प्रिंट’ सापडेना, तर वाया गेलेली पाच मिनिटं एकट्या ऑपरेटरची नसतात, मागच्या सगळ्या रांगेची असतात. ऑफिससारख्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चाचणीसाठी खुली झाली की जी कुरकुर सुरू होते, तिच्याकडे या रांगेत उभं राहून पाहायला हवं. ‘लोकांना बदल नकोच असतो’ असं म्हणून ती झटकून टाकणं सोपं आहे. पण गेल्या वीसेक वर्षांत जे घडलं ते वेगळंच सांगतं. या कुरकुरीत दोन जातींच्या तक्रारी मिसळलेल्या असतात, एक सवयीची आणि एक कामाची. सवयीची काही महिन्यांत विरते. कामाची टिकून राहते, आणि तिच्यापुढे शेवटी कंपनीलाच माघार घ्यावी लागते.

यातला सर्वांत मोठा बदल ऑफिस 2007चा. मे 2006मध्ये त्याची दुसरी बीटा आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा फाइल, एडिट, व्ह्यू ही ओळखीची ओळ गेली होती आणि तिच्या जागी ‘रिबन’ नावाचा रुंद पट्टा आला होता. मायक्रोसॉफ्टने हे हौसेखातर केलं नव्हतं. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत शंभराच्या आसपास आज्ञा होत्या. वर्ड 2003पर्यंत त्या 1500च्या वर गेल्या आणि टूलबार झाले 31. लोक ज्या सोयी नव्याने मागत, त्यांतल्या कित्येक आधीपासून सॉफ्टवेअरमध्ये होत्या, फक्त कुणाला सापडत नव्हत्या. वापराची माहिती पाठवायला ज्यांनी संमती दिली होती, त्यांच्या संगणकांवरून आणखी एक गोष्ट कळली. वर्ड 2003मध्ये पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाच आज्ञांचाच एकूण वापरात सुमारे 32 टक्के वाटा होता, आणि त्यातही एकट्या पेस्टचा 11 टक्क्यांहून जास्त. रिबनमध्ये ‘होम’ टॅबच्या डाव्या टोकाला पेस्टचं भलं मोठं बटण बसलं ते या आकड्यांमुळे.

तरीही ओरड झाली, आणि तिची जातवार विभागणी करून पाहिली तर ती बोधप्रद ठरते. घरपट्टीच्या नोटिसांचंच उदाहरण घेऊ. मजकूर एक, नावं आणि रकमा वेगवेगळ्या. हे काम मेल मर्जचं. वर्ड 2003मध्ये टूल्स, मग लेटर्स अँड मेलिंग्ज, मग मेल मर्ज अशा तीन पायऱ्या उतराव्या लागत. 2007पासून ‘मेलिंग्ज’ हा स्वतंत्र टॅबच समोर आला. वहीत पायऱ्या लिहून शिकलेला कारकून सुरुवातीला वैतागला असेल, पण नवी वाट जुनीपेक्षा जवळची होती. ही तक्रार सवयीची, म्हणून ती विरली. प्रिंटची गोष्ट मात्र वेगळी. फाइल मेनू काढून त्याच्या जागी डाव्या कोपऱ्यात एक गोल बोधचिन्ह ठेवलं होतं. त्यावर एक अक्षरही नव्हतं. ते शोभेचं चिन्ह आहे की दाबायचं बटण, हेच कळत नसे; आणि प्रिंट, सेव्ह, ओपन ही रोजची कामं नेमकी त्याच्याआड दडलेली. इथे वापरणाऱ्याची सवय आड येत नव्हती, मांडणीच चुकली होती. ऑफिस 2010मध्ये गोल बटण गेलं आणि ‘फाइल’ हा शब्द जागेवर परत आला. रिबन मात्र राहिला. एकाच बदलातलं काय चांगलं आणि काय वाईट, हे त्या ओरडीने बऱ्यापैकी नेमकं निवडून दिलं होतं.

हाच खेळ पुढे पुन्हा रंगला. 16 जुलै 2012 रोजी मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत नव्या ऑफिसचा, म्हणजे ऑफिस 2013चा प्रिव्ह्यू खुला केला. पडदा पांढराशुभ्र, कडा आणि सावल्या पुसलेल्या, टॅबची नावं सगळी इंग्रजी मोठ्या लिपीत. डोळ्यांना टोचतं, एक भाग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते समजत नाही, टॅब अंगावर ओरडतात, अशा तक्रारी आल्या. मराठी वाचकाला यातली एक गंमत चटकन लक्षात येईल: देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही. मोठ्या लिपीमुळे टॅब उठून दिसतील हा हिशेब मराठी भाषेत ऑफिस वापरणाऱ्यासाठी मुळातच बाद होता. आणि इंग्रजी ही ज्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, तो ‘इन्सर्ट’ अक्षरं लावून वाचत नाही, त्या शब्दाचा आकार ओळखतो. त्याचा तोच आकार बदलला. अंतिम आवृत्तीत करड्या रंगाच्या दोन छटांचा पर्याय देऊन कंपनीने वेळ मारून नेली. ऑफिस 2016मध्ये टॅबवरची मोठी लिपी गेली आणि रंगही परतले. तीन वर्षं टिकलेली ही तक्रार फक्त आवडीनिवडीची होती, असं कसं म्हणणार?

यावर पहिला आक्षेप येतो तो आकडेवारीचा. लाखो लोक प्रत्यक्षात काय दाबतात हे कळत असताना चार बोलक्या माणसांचं कशाला ऐकायचं? पेस्टचं बटण पाहता आकड्यांची ताकद नाकारता येत नाही. पण काय दाबलं गेलं एवढंच आकडा सांगतो. शोधून न सापडल्यामुळे काय दाबायचं राहून गेलं, ते सांगत नाही. शिवाय आकडा कुणाचा, हा प्रश्न उरतोच. ऑफिस 2013 विंडोज एक्सपीवर चालतच नव्हतं, आणि त्या काळी आपल्याकडच्या कार्यालयांत एक्सपीच सर्रास होतं. म्हणजे ज्यांच्यावर बदल पुढे येऊन आदळणार होता, त्यांना प्रिव्ह्यू पाहण्याची सोयच नव्हती. फाइल आधी संगणकावर न साठवता इंटरनेटवर साठवण्याचा आग्रह त्याच आवृत्तीत सुरू झाला. ज्या गावात नेटची खात्री नाही, तिथल्या माणसाला हे विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं, ते सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येकाची जुनी मांडणी सांभाळत बसलं तर सॉफ्टवेअर पुढे सरकणार कसं? दोन मांडण्या जपायच्या तर खर्च दुप्पट, चुका दुप्पट. हे खरं आहे, पण सगळं जुनं जपावं असं कुणीच म्हणत नाही. 2007मध्ये मेनू गेले तरी एक्सेलच्या जुन्या आल्ट-कळा चालू ठेवल्या होत्या. आल्ट, ई, एस दाबून ‘पेस्ट स्पेशल’ उघडणाऱ्या हिशेबनिसाच्या बोटांना त्यामुळे काही नवं शिकावं लागलं नाही. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरने 2017मध्ये रिबनसारखी पट्टी आणली, पण आधी प्रायोगिक म्हणून आणि जुने मेनू जागेवर ठेवून; ज्याला हवी त्याने ती निवडावी. मायक्रोसॉफ्टनेही 2018मध्ये एका ओळीचा सुटसुटीत रिबन जाहीर केला, तेव्हा पूर्ण रिबन उघडण्याची सोय सोबत दिली. परतीची वाट खुली ठेवली की वापरणारा नवं बिनधास्त करून पाहतो, आणि त्याचं मतही शांत डोक्याने येतं.

‘शेवटी सगळे शिकतातच ना?’ हा तिसरा आक्षेप. शिकतात, पण शिकण्याची किंमत कोण मोजतो? महाराष्ट्रात 2001पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत असंख्य जण संगणक शिकले आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आजही मागितलं जातं. फी भरून जी मांडणी शिकायची, ती काही वर्षांत बदलते. नवी शिकायला कार्यालय रजा देत नाही आणि रांगही थांबत नाही. म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. नवी आवृत्ती विकत घेणाऱ्या सरकारी खात्यांनी ती आधी तालुका आणि गाव पातळीवरच्या थोड्या टेबलांवर महिनाभर चालवून पाहावी, त्या लोकांच्या अडचणी लेखी घ्याव्यात, मगच सगळीकडे बसवावी. आणि रोज हे सॉफ्टवेअर हाताळणाऱ्यांनी ‘आवडलं नाही’ एवढ्यावर थांबू नये. कोणतं काम करत होतो, आधी किती पायऱ्या होत्या, आता किती झाल्या आणि कुठे अडलो, हे चार ओळींत लिहून कळवावं, जमल्यास मराठीत. ‘प्रिंट कुठे गेलं?’ हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तेव्हाच ‘फाइल’ परत आली होती.