शेजारी कोण नको?

'वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे' ही १९८१पासून अनेक देशांत होणारी पाहणी. त्यात एक प्रश्न असतो: या यादीतले कोण तुम्हाला शेजारी नकोत? 'वेगळ्या वंशाचे लोक' हा त्यातला एक पर्याय. तो निवडणाऱ्यांच्या टक्केवारीवरून 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २०१३मध्ये एक नकाशा छापला. भारत त्यात ४० टक्क्यांच्या वर होता. 'सर्वांत वंशद्वेष्ट्या देशांत भारत' असे मथळे लगेच झळकले.

पण हा आकडा वर्तनाचा नाही, कबुलीचा आहे. चारचौघांत शोभेल असेच उत्तर देण्याच्या प्रवृत्तीला सामाजिक इष्टता (लोकांना पटेल ते बोलणे) म्हणतात. लग्नाच्या बोलणीत 'हुंडा नको' हे सगळेच म्हणतात. त्यावरून हुंडा मोजता येत नाही. जिथे वंशद्वेष लाजिरवाणा मानतात, तिथे तो लपतो. शिवाय 'वंश' म्हणजे काय, हे अमेरिकेत एक समजतात, आपल्याकडे जात-धर्म-प्रांतही त्यात मिसळतात.

म्हणून काही भारत निर्दोष ठरत नाही. ईशान्येकडच्या किंवा आफ्रिकी विद्यार्थ्यांना घर भाड्याने मिळताना काय होते, ते उघड आहे. मात्र देशांची क्रमवारी लावायला हा एक प्रश्न अपुरा आहे. त्या नकाशातले बांगलादेश आणि हाँगकाँगचे सत्तरीपुढचे आकडे तर चक्क उत्तरांच्या नोंदी उलट झाल्याने आले होते.