वडिलार्जित जाहिरातीचीं पाकिटें : कालनिर्णयाचें एक साधन

वणीसारख्या बाजाराच्या गांवीं वडिलांमागें मुलाकडे आलेल्या दुकानाच्या दप्तरांत कारखान्यांच्या जाहिरातीचीं पाकिटें आढळल्यास तीं रद्दी समजूं नयेत. त्यांवर साल नसलें तरी काळ ठरवितां येतो. 'किर्लोस्करवाडी' हा पत्ता छापलेला असल्यास पाकीट १९१० पूर्वींचें नव्हे. ती वसाहत त्या वर्षीं वसली. साध्या पत्राचा अर्ध्या आण्याचा दर १९२२ सालीं एक आणा झाला. १९५७ पासून नवे पैसे व १९७२ पासून पिनकोड आले. परंतु तिकिटाच्या लोभानें कोपरा कापल्यास दर व शिक्का हीं दोन्ही प्रमाणें नष्ट होतात. यास्तव संग्राहकांनीं पाकीट अखंड ठेवावें आणि वडिलांनीं लावलेला क्रम मोडूं नये; त्या क्रमांतच दुकानाच्या व्यवहाराचा इतिहास असतो.