समुद्रतळाच्या गाळातील आयोडीन-१२९

मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असे छापलेले तुम्ही वाचले असेलच. ते आयोडीन-१२७, म्हणजे स्थिर. त्याचे एक किरणोत्सर्गी भावंड आहे, आयोडीन-१२९. त्याचे अर्धायुष्य सुमारे १ कोटी ५७ लाख वर्षे. विश्वकिरणांच्या माऱ्याने वातावरणातील झेनॉनपासून ते बनते. भूकवचातील युरेनियमचे अणू आपोआप दुभंगतात तेव्हाही बनते.

मग आज समुद्रात सापडणाऱ्या आयोडीन-१२९ पैकी निसर्गाचे किती आणि माणसाचे किती? वरच्या पाण्यावरून हे कळत नाही. १९४५ पासूनचे अणुस्फोट आणि अणुइंधनावरील पुनर्प्रक्रिया यांनी ते पाणी बदलून टाकले आहे. जुना हिशेब शिल्लक आहे तो तळाच्या गाळात. सागरी वनस्पती आयोडीन शोषतात, त्यांचे अवशेष तळाशी थरावर थर साचतात. खोलवरचे थर अणुयुगापूर्वीचे. (अगदी वरचा गाळ किडे ढवळतात, म्हणून नमुना खोलवरचा हवा.) त्यात आयोडीनच्या एक लाख कोटी अणूंमागे आयोडीन-१२९ चे सुमारे दीड अणू आढळतात.

इतके थोडे अणू मोजायचे कसे? वहीत आकडेमोड करून पाहा. अशा गाळातून १ मिलिग्रॅम आयोडीन मिळवले, तर त्यात आयोडीन-१२९ चे सुमारे ७१ लाख अणू असतील. पुष्कळ वाटतात ना? पण त्यांपैकी वर्षाला सरासरी ०.३ अणूचाच ऱ्हास होतो. गायगर गणित्र लावून बसलात, तर तीन वर्षांत जेमतेम एक ‘टिक’!

म्हणून ऱ्हासाची वाट न पाहता अणूच मोजतात. आयोडीनला ऋण भार देऊन त्याचे अणू त्वरकात लाखो व्होल्टने पळवतात आणि चुंबकाने वस्तुमानाप्रमाणे वेगळे करतात. झेनॉन-१२९ चे वस्तुमान जवळजवळ तेवढेच. त्याची सरमिसळ झाली असती. पण झेनॉन पडला निष्क्रिय वायू. त्याचा टिकाऊ ऋण आयन बनतच नाही, त्यामुळे तो दारातच अडतो! या पद्धतीतील मला सर्वांत आवडणारी युक्ती हीच.

नैसर्गिक पातळी कळली की माणसाची भर दिसू लागते. इंग्लंडमधील सेलाफील्ड आणि फ्रान्समधील ला हाग या पुनर्प्रक्रिया केंद्रांतून हे आयोडीन समुद्रात सोडले गेले. (सेलाफील्डमधील पुनर्प्रक्रिया २०२२ साली थांबली.) उत्तर समुद्रात त्याचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या दहा हजार पटींहूनही अधिक आढळले आहे. ऱ्हास इतका मंद, की या पाण्यापासून मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा अल्पच राहते. पण खूण मात्र पक्की. नॉर्वेच्या किनाऱ्याने आर्क्टिक महासागरात शिरणारे पाणी कोणत्या वाटेने, किती वर्षांत पुढे सरकते, हे समुद्रशास्त्रज्ञ याच आयोडीनवरून शोधतात.